मुलीला ४३ किलोत उतरवू का? वजन ४७.५ आहे, स्वप्न आशियाई कुस्तीचं आहे

तोलणार_घणसोली

नमस्कार मंडळी. मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात तोलणार आहे. बावीस वर्षं झाली काट्यापाशी. मूळ गाव कराड तालुक्यात, राहायला घणसोलीच्या माथाडी वसाहतीत. एवढं लांब लिहायची सवय नाही, मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

मुलगी पंधरा वर्षांची, नववीत. कुस्ती करायला लागून पाच वर्षं झाली. सुरुवात गावच्या यात्रेत झाली. फडात मुलींच्या कुस्त्या लावल्या होत्या, एकीला जोड मिळेना. पंचांनी दोनदा पुकारलं. ही माझ्या शेजारी बसून उसाचा रस पीत होती. ग्लास माझ्या हातात दिला, फ्रॉक खोचला आणि सरळ मातीत उतरली. कुस्ती बरोबरीत सोडवली. शंभर रुपये इनाम मिळालं. ती नोट अजून तिच्या कंपासपेटीत आहे, लाल डागासकट.

इथं आल्यावर मॅटवर घातली. संध्याकाळी सहा ते साडेआठ सराव. एकेरी पट चांगला काढते, पाय हातात आला की सोडत नाही. भारंदाज, म्हणजे खाली घेऊन कंबर आवळून फिरवतात तो डाव, सोडवण्यात कच्ची आहे. हे माझं मत नाही, तिचे वस्ताद सांगतात.

२०२५ च्या मार्चमध्ये जॉर्डनला, अम्मानमध्ये आशियाई अजिंक्यपद झालं. ६२ किलोत मनीषा भानवाला फायनलला, समोर उत्तर कोरियाची किम. मनीषानं ८-७ नं कुस्ती घेतली. एका गुणानं! पोरीनं ती कुस्ती माझ्या मोबाईलवर किती वेळा बघितली त्याला मोजदाद नाही. मग एक दिवस कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला. आशियाई अजिंक्यपदात सोनं आणलेल्या आपल्या मुलींची नावं, साल, गाव, किलो. २०१८ बिश्केक, नवज्योत कौर ६५. २०२० दिल्ली, पिंकी ५५, सरिता मोर ५९, दिव्या काकरान ६८. २०२१ अल्माटी, विनेश फोगट ५३, अंशू मलिक ५७, सरिता पुन्हा ५९, दिव्या पुन्हा पण ७२. मग २०२५ अम्मान, मनीषा ६२. नवज्योतच्या नावाखाली दोन रेघा मारल्यात, कारण आपल्याकडची पहिली ती.

आता अडचण सांगतो. पंधरा दिवसांनी सतरा वर्षांखालच्या गटाची निवड चाचणी आहे. हिचं भरल्या पोटी वजन ४७.५. वस्ताद म्हणाले ४३ मध्ये उतरव. ४९ ला राज्याचं पदक असलेली एक मुलगी आहे, ४६ ला तीन तगड्या आहेत, ४३ मोकळा आहे. तिथून राज्य, राज्यातून राष्ट्रीय, मग पुढची दारं उघडतात. वस्तादांचा हेतू वाईट नाही. पदराला खार लावून पोरं तयार करणारा माणूस आहे.

पण तीन आठवड्यांपासून घरात जे चाललंय ते मला बघवत नाही. डबा तसाच परत येतो, नाहीतर मैत्रिणीला देते. भर दुपारी स्वेटरवर रेनकोट घालून मैदानाला फेऱ्या मारते. खिशात च्युइंगगम असतो, तो चघळायचा आणि थुंकी बाटलीत टाकायची, म्हणजे अंगातलं पाणी कमी होतं म्हणे. रात्री ती बाटली पलंगाखाली सापडली तेव्हा तिच्या आईला वाटलं पोरीला काहीतरी दुखणं लागलं. गेल्या आठवड्यात जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर खाली बसली. तिथनं तिसऱ्यावर मी उचलून नेली. आईनं आणखी एक सांगितलं, दोन महिने झाले पाळी आलेली नाही. बापानं हे चारचौघांत लिहावं का, मला कळत नाही. पण विचारायचंच तर पूर्ण विचारावं.

आणि शनिवारचं सांगतो, त्यामुळंच लिहायला बसलो. शाळा सुटल्यावर माझा डबा घेऊन गाळ्यावर आली. हिशोबाची पट्टी झाली होती, काटा मोकळा होता. चपला काढून वर उभी राहिली. ४५.९. "अण्णा, दीड किलो गेलं!" म्हणून नाचायला लागली. त्या काट्यावर मी रोज पन्नास किलोच्या गोण्या चढवतो-उतरवतो. माझी लेक एका गोणीएवढीसुद्धा भरत नाही. आमच्याकडं ओला कांदा येतो तेव्हा वजनाला भरतो, दोन दिवस गोणीत राहिला की घटतो. ती घट पाण्याची असते हे तोलणाऱ्याला सांगावं लागत नाही. आणि पाणी गेलेला कांदा अंगठ्यानं दाबला की आत जातो. मी तिचा हात धरून खाली उतरवली, मनगट तसंच लागलं हाताला.

मला सांगा, मॅटवरच्या कुस्तीत हे करावंच लागतं का? आशियाईला जाणाऱ्या मुली असंच करतात का? तिथं वजन कसं आणि कधी घेतात? बापानं यात पडावं, की वस्तादांवर सोडावं?

खारीगावचा_काका

भाऊ, तुमचं वाचून उठून बसलो. मी कळव्याचा, खारीगावातला. आमच्या आगरी गावांत चैत्रात यात्रेला फड असायचाच, अजूनही कुठं कुठं लागतो. आठ दिवस आधी माती चाळायची, तेल-ताक-लिंबू-हळद घालून मळायची. तुमची पोरगी फ्रॉक खोचून उतरली ते डोळ्यांसमोर आलं.

एक जुनी गोष्ट. १९८७ साली आशियाई अजिंक्यपद आपल्या मुंबईत झालं होतं. आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. मी एकोणीस वर्षांचा होतो, काकांबरोबर लोकलनं गेलो. डाव फारसे आठवत नाहीत. आठवतात ते बूट. आम्ही अनवाणी मातीत खेळणारी पोरं, आणि परदेशी गडी घोट्याच्या वर येणारे बूट घालून, नाड्यांवर पट्टी गुंडाळत बसलेले. मुलींचा गट तिथं नव्हता. मुलींनी कुस्ती खेळावी हे तेव्हा आमच्या मनातसुद्धा आलं नव्हतं, आणि आज तुमच्या कपाटात नऊ सोन्यांचा कागद आहे.

मुंबईकडून आशियाई सोनं होत नाही असं कुणी म्हणालं तर नरसिंग यादवचं नाव सांगा. जोगेश्वरीत वाढला, कांदिवलीच्या साईत, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात तयार झाला, २०१० ला दिल्लीत ७४ किलोत आशियाई सोनं. पुढं तीन वेळा महाराष्ट्र केसरी. आणि आपल्या ठाणे जिल्ह्यातलीच वैष्णवी पाटील बघा, कल्याणची. मार्च २०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, तिथं फायनलला प्रतीक्षा बागडीकडून हरली. हरून थांबली नाही. २०२५ ला जागतिक स्पर्धेसाठी झाग्रेबला गेली ती भारताच्या संघातून, ६५ किलोत.

वजनाचं माझ्या अंगावर आलेलं सांगतो. बावन्नला खेळायचो. एका वर्षी वस्तादांनी अठ्ठेचाळीसला घातला. तीन दिवस पाणी तोंडात घेऊन थुंकत होतो. चौथ्या दिवशी काट्यावर बरोबर भरलो, सगळ्यांनी पाठ थोपटली. पहिल्याच कुस्तीत दुसऱ्या मिनिटाला हात वर उचलेनात. समोरच्याला मी गावच्या यात्रेत दोनदा पाडला होता. त्यानं ढाक मारली आणि मला मंडपाचं कापड दिसलं. पडल्याचं नाही वाटलं एवढं. अंगात असलेली ताकद आपणच घरी ठेवून आलो, याचं वाईट अजून वाटतं. पोरीला नका उतरवू.

कोपरखैरणे_८७

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. माझा पुतण्या कुस्तीवर सरकारी नोकरीला लागला. खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, पण त्यासाठी हातात प्रमाणपत्र लागतं. चाचणीतच बाहेर पडलेल्याला कोण विचारतो? ४३ मोकळा असेल तर एक वर्ष सोसू दे. आपण माथाडी माणसं, पोरांना मिळालेली संधी सोडायची ऐपत आपल्याला नाही. पुढच्या वर्षी वाढवा वजन हवं तर.

मॅटवरची_ताई_ठाणे

दादा, मी स्वतः राष्ट्रीय पातळीवर ५३ किलोत खेळले आणि आता ठाण्यात मुलींना शिकवते, पंच म्हणूनही उभी राहते. तुमच्या मुलीला मी पाहिलेलं नाही. पण तुम्ही लिहिलेलं मी बऱ्याच घरांतून ऐकलंय, आणि बाटलीचं वाचून हात थांबला माझा, कारण तशी बाटली माझ्याही पलंगाखाली होती.

उत्तर तुमच्या घरातच चिकटवलेलं आहे. तो कागद पुन्हा वाचा आणि फक्त किलो वाचा. सगळ्यात कमी आकडा कोणता? ५३. मोठ्यांच्या आशियाई अजिंक्यपदात मुलींचा सगळ्यात हलका गटच ५० चा आहे. ५०, ५३, ५५, ५७, ५९, ६२, ६५, ६८, ७२, ७६ असे दहा गट. तुमची मुलगी वीस-एकवीसची होऊन तिथं पोचेल तेव्हा ४३ नावाचं काही नसेलच. म्हणजे आज ज्या शरीराला आपण वाढू देत नाही, तेच शरीर तिला तिथं लागणार आहे. दिव्याचं नाव कागदावर दोनदा आहे ना? ६८ ला सोनं, पुढच्या वर्षी ७२ ला सोनं. वर गेली, खाली नाही.

मुलग्यांतही बघा. उदितनं २०२४ ला बिश्केकला ५७ किलोत रौप्य घेतलं आणि अम्मानला ६१ किलोत पुन्हा रौप्य. आपल्या बीडच्या राहुल आवारेनं २०१८ ला गोल्ड कोस्टला ५७ मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण घेतलं. पण जागतिक कांस्य आलं ते पुढच्या वर्षी, ६१ ला. २०२० च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतलं कांस्यही ६१ चंच. आणि ती स्पर्धा दिल्लीत ज्या सभागृहात झाली त्याला नाव आहे के. डी. जाधव. तुमच्या कराडच्या गोळेश्वरचे खाशाबा! मुलीला हे सांगा. तिच्या कागदावरची पिंकी, सरिता आणि दिव्या यांची सोनी त्याच छताखाली, एकाच दिवशी आलीत.

आता वजन कधी घेतात ते. पूर्वी आदल्या संध्याकाळी घ्यायचे. रात्रभर खायला-प्यायला वेळ मिळायचा, म्हणून जुन्या वस्तादांना वजन तोडणं हा डावपेच वाटायचा. तो नियम बदलला. आता ज्या दिवशी कुस्ती त्याच सकाळी वजन. २०२० ला दिल्लीत सहा दिवसांत पुरुषांच्या दोन्ही प्रकारांचे (फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन) आणि महिलांचे मिळून तीस गट उरकले, म्हणजे रोज पाच. सकाळी काटा, दोन-अडीच तासांत पहिली कुस्ती, रात्री पदक. एका दिवसात चार-चार कुस्त्या. चार किलो पाणी काढून टाकलेली मुलगी दोन तासांत कशी भरून येणार?

काट्यावर काय असतं तेही सांगते, कारण टीव्हीवर ते दिसत नाही. अर्धा तास दार उघडं असतं. मुली कुस्तीच्या पोशाखातच उभ्या राहतात, त्यासाठी वेगळं वजन सोडत नाहीत. डॉक्टर कातडी बघतात, नखं कापलेली आहेत का बघतात. त्या अर्ध्या तासात हवं तेवढ्या वेळा काट्यावर चढता येतं. एकदा एक मुलगी माझ्यासमोर पाच वेळा चढली. प्रत्येक वेळी श्वास आत ओढून, जणू श्वासालाच वजन आहे. पाचव्यांदा बसली वजनात आणि तिथंच भिंतीला टेकून रडली. पाऊण मिनिटात हरली ती, दहा गुणांचा फरक पडून. फ्रीस्टाइलमध्ये आणि मुलींत दहाचा फरक पडला की कुस्ती थांबते.

ऑलिम्पिक आणि जागतिक स्पर्धेत तर एकच गट दोन दिवस चालतो आणि दुसऱ्या सकाळी परत काटा असतो. पॅरिसला विनेशचं काय झालं ते सगळ्या देशानं पाहिलं. ५३ ला आशियाई विजेती झालेली मुलगी ५० मध्ये उतरली. पहिल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकली, त्यात कुठल्याच परदेशी मुलीकडून कधी न हरलेली जपानची युई सुसाकीसुद्धा. रात्रभर वजन उतरवलं, केस कापले आणि सकाळी १०० ग्रॅम जास्त, फायनलआधीच बाद. तिच्यासोबत डॉक्टर होते, आहाराचे जाणकार होते, अख्खं पथक होतं. आपल्या मुलींकडं रेनकोट आहे आणि च्युइंगगम.

कोपरखैरणेवाल्या दादांचं म्हणणं मी टाकून देत नाही. प्रमाणपत्राची किंमत मला माहीत आहे, माझं घर त्यावर चाललंय. पण "पुढच्या वर्षी वजन वाढवा" हे बोलायला सोपं आहे. जी मुलगी वर्षभर ४३ मध्ये अडकून राहते तिची ताकद ४३ चीच राहते. पुढच्या वर्षी तीच मुलगी ४९ ला जाते तेव्हा समोर वर्षभर खाऊन-पिऊन ४९ ची मेहनत केलेल्या मुली असतात.

सतरा वर्षांखालच्या मुलींचे गट ४०, ४३, ४६, ४९, ५३ असे वर ७३ पर्यंत जातात. तुमची ४७.५ ची आहे, म्हणजे तिचा गट ४९. पोटभर जेवून, पाणी पिऊन, दीड किलो हातात ठेवून ती काट्यावर उभी राहू शकते. राज्यपदकवाली आहे तिथं, असू दे. आशियाईला जायचं म्हणणाऱ्या मुलीला जिल्ह्यातली एक मुलगी टाळून कसं चालेल?

बापानं पडावं का, विचारलंत. आंतरराष्ट्रीय नियमात हा गट सोळा-सतरा वर्षांच्या मुलींचा आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला डॉक्टरांचा दाखला आणि पालकांचं संमतीपत्र असेल तरच खेळता येतं. तिथं सही तुमचीच लागते, दादा. वस्तादांशी बोला, भांडू नका. बरेच वस्ताद जुन्या काट्याच्या हिशोबानं चालतात, त्यांना दुसरं कुणी सांगितलेलं नसतं.

तोलणार_घणसोली

ताई, काका, दादा, सगळ्यांचे आभार. दुपारी गाळ्यावर बसून वाचलं, मग पुन्हा वाचलं. ५३ चं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रोज तो कागद समोर असतो, रोज आकडेच बघतो मी आणि ते आकडे दिसले नाहीत.

कोपरखैरणेचे दादा, तुमचा राग नाही. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी पण तेच बोलत असतो मनात.

पाळीचं कुणी सांगेल का? तिच्या आईला दवाखान्यात जायला संकोच वाटतो. शेजारच्या म्हणतात खेळणाऱ्या मुलींना होतंच असं, लग्नानंतर नीट होतं.

ऐरोलीची_सिस्टर

दादा, मी एकोणीस वर्षं नर्स आहे, त्यातली बरीच मुली-बायकांच्या विभागात. "होतंच असं" हे वाक्य मी रोज ऐकते. नीट ऐका. मेहनत जितकी होते त्या मानानं खाणं कमी पडलं की शरीर एकेक खर्च बंद करत जातं. पाळी त्यातला एक. पाळी थांबली म्हणजे हाडांना बळ देणारं जे शरीरात तयार होतं तेही घटतं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी हाडं भरायची असतात. हे भरायचं वय निघून गेलं की ती कसर पूर्ण भरून निघणं अवघड. कुस्तीत तर आपटणंच आहे, पोकळ हाडं घेऊन ती कशी आपटणार? लग्नाचा आणि याचा काही संबंध नाही.

या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. रक्त तपासून घ्या, हिमोग्लोबिन नक्की. वहिनींना म्हणावं मुलीबरोबर आत जा, डॉक्टरीणबाई आहेत का ते आधी विचारून घ्या म्हणजे संकोच वाटणार नाही. च्युइंगगम, रेनकोट, उपाशी पळणं, सगळं डॉक्टरांना सांगा. मुली हे लपवतात, आणि मग नुसत्या गोळ्या घेऊन घरी येतात. जिन्यात बसली ते आधी सांगा.

खाण्याचं फार अवघड करू नका. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, अंडी चालत असतील तर अंडी, दूध, शेंगदाणे-गूळ, पालेभाजीवर लिंबू. सरावाच्या आधी केळं. सराव झाल्यावर अर्ध्या तासात जेवण, साडेआठला सराव संपून दहाला ताट असं नको. आणि घरात काटा असेल तर तो काही दिवस माळ्यावर टाका.

तोलणार_घणसोली

सोळा दिवसांनी लिहितोय. काय झालं ते सांगायला हवं तुम्हाला.

डॉक्टरीणबाईंना दाखवलं. हिमोग्लोबिन ९.६ निघालं. गोळ्या चालू आहेत, महिन्यानं परत बोलावलंय. पोरीला मी काही समजावलं नाही. कपाटाचं दार उघडलं आणि म्हणलं, यातला सगळ्यात छोटा आकडा वाच. तिनं वाचला. मग पुन्हा सगळे वाचले, बोट फिरवत. बराच वेळ दार धरून उभी होती. मग आईला म्हणाली, भाकरी टाकतेस का. दोन खाल्ल्या. तिच्या आईनं तव्याकडं तोंड करून डोळे पुसले ते मी बघितलं.

वस्तादांकडं दोघं गेलो, मी आणि ही. ताईंनी लिहिलेलं मोबाईलवर वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा मागं सारून ते स्वतः एकदा वाचलं. म्हणाले, आमच्या वेळी आदल्या दिवशी काटा व्हायचा. मग वहीत ४३ खोडून ४९ लिहिलं. रागावले नाहीत, पण मन लागलं नाही त्यांचं, ते दिसत होतं.

चाचणी कल्याणला होती. सकाळी काट्यावर ४७.८, घरनं दूध-केळं खाऊन. पहिली कुस्ती चितपट केली. दुसरी ७-२. फायनलला तीच राज्यपदकवाली. पहिल्या फेरीत हिनं एकेरी पट काढून दोन गुण घेतले, मला वाटलं झालं. दुसऱ्या फेरीत तिनं हिला खाली घेतली, कंबर आवळली आणि भारंदाज, लगेच दुसरा भारंदाज. सहा गुण एका दमात. हिनं शेवटी आणखी एक पट काढला. ४-६. हरली. राज्याला पहिली जाते, ही घरी आली.

४३ ला जी मुलगी जिंकली तिला ही सरावात रोज पाडते. हे मला लपवायचं नाही. तिथं मंडपात बसून माझ्या पोटात ढवळलं. वस्ताद माझ्याकडं बघत होते आणि मी खाली बघत होतो.

परत येताना ठाण्याला नऊ नंबरवर पनवेल गाडीची वाट बघत होतो. बोलली नाही कल्याणपासून. मी दोन वडापाव आणले. एक खाल्ला, दुसरा हातात धरला आणि म्हणाली, "अण्णा, दुसऱ्या फेरीत पण हात उचलत होते माझे. तिनं उचलून फिरवली कारण मी कंबर सैल सोडली." मग तिथंच प्लॅटफॉर्मवर उकिडवं बसून मला दाखवायला लागली, कोपर कुठं यायला हवं होतं, गुडघा कुठं. लोक बघत होते. गाडी आली तेव्हा उठली, घणसोली येईपर्यंत दुसरा वडापाव संपला होता.

ताई, तुमच्याकडं एक विनंती. भारंदाज सुटायचं तिला जमत नाही आणि आमच्या इथं तिच्या वजनाची दुसरी मुलगी नाही, जास्त करून मुलांबरोबर सराव करते. रविवारी मला सुट्टी असते. घेऊन येऊ का?

मॅटवरची_ताई_ठाणे

रविवारी सकाळी साडेसातला या. ४९ च्या दोन मुली आहेत माझ्याकडं, एक ५३ ची. पत्ता खासगी निरोपात टाकते. डबा बरोबर असू द्या, दोन तास सोडणार नाही तिला.